अंगड्याची आतली बाजू

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, की घरातली दुपार बदलते. जेवणे आटोपतात, भांडी घासून पालथी पडतात आणि सोप्यात सतरंजी अंथरली जाते. ट्रंकेच्या तळाची जुनी धोतरे आणि विरलेली लुगडी बाहेर निघतात. आजी चष्मा सावरत सुईत दोरा ओवायला बसते, तो काही केल्या ओवला जात नाही, मग शाळेतून आलेल्या नातवाला हाक जाते. अंगडी, टोपडी, लंगोट, दुपटी यांची चळत उभी राहू लागते. पोर अजून जगात यायचे असते, पण त्याचे घरात असणे या चळतीपासूनच सुरू होते.

आता कुणी म्हणेल, आठवडी बाजारात तयार संच मिळतो. अंगडे, टोपी, हातमोजे, पायमोजे असे सगळे एका पिशवीत. मग डोळे कशाला फोडायचे? तयार कपडा वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. पण तो घेताना आपण काय बघतो? वरचा रंग, पुढची लेस, छातीवरचे बदक. बाळाला यातले काहीच कळत नाही. त्याच्या अंगाला लागते ती कपड्याची आतली बाजू. आणि आतली बाजू बघायची सवय आपल्याला नसते. मलाही नव्हती. ती कशी लागली, ते आधी सांगते.

१९७९ सालचा डिसेंबर. माझी थोरली लेक तेव्हा दोन महिन्यांची होती. थंडी कडाक्याची, ऊस तोडणीला आलेला. पोरगी हाताने गाल ओरबाडायची, म्हणून मी तिच्या मुठींना दोन लहान पिशव्या शिवल्या. वरून गुलाबी कापड, त्यावर हिरव्या दोऱ्याची पाने. शेजारपाजारच्या बायकांनी हातात घेऊन कौतुक केले. आतून मात्र कापडाच्या कडा तशाच सोडलेल्या. दोन धुण्यांतच त्यांच्या दशा निघाल्या होत्या. पण आत कोण बघतो?

त्या दिवशी दिवेलागणीपासून पोरगी रडायला लागली. दूध घेईना, मांडीवर राहीना, पाळण्यात राहीना. आत्याबाई म्हणाल्या, "प्वाट दुखत आसंल." ओव्याची पुरचुंडी करून शेकले. मग दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका उठला नाही म्हणून "लागलीच व्हती नजर" असे ठरले. मध्यरात्र उलटली, तरी रडणे थांबेना. रडून रडून आवाज बसला. अंग गरम नव्हते, पोट फुगलेले नव्हते. आम्ही दोघी आळीपाळीने तिला छातीशी धरून फेऱ्या घालत होतो. थंडी म्हणून वरून आणखी एक दुपटे गुंडाळत होतो.

झुंजूमुंजू होताच ह्यांनी बैलगाडी जुंपली. आरोग्य केंद्रात एक वयस्क नर्सबाई होत्या. त्यांनी आम्हाला काही विचारण्याआधी पोरीच्या अंगावरचे एकूण एक कापड काढायला लावले. कुंची काढली, टोपडे काढले, अंगडे काढले. शेवटी उजव्या मुठीची पिशवी ओढली, ती निघेना. आतल्या दशेचा एक धागा करंगळीजवळच्या बोटाला फिरून फिरून करकचला होता. बोट सुजून जांभळे-निळे झाले होते आणि सुजेत धागा दिसेनासा झाला होता. डॉक्टरांनी बारीक कात्रीने तो हळूहळू कापून काढला. पोरगी तिथेच, माझ्या मांडीवर, हुंदके देत झोपी गेली. डॉक्टर एवढेच म्हणाले, "आणखी उशीर केला असता तर बोट गेलं असतं."

त्यांनी मला दोष दिला नाही. पण ती पिशवी मीच शिवली होती. परतताना गाडीत मी ती उलटी करून बघितली. पाने किती सुबक काढली होती मी! आणि आत नुसते दोऱ्यांचे जाळे.

म्हणून आज जे सांगायचे आहे, ते त्या पिशवीच्या उलट्या बाजूने सांगते.

कापड

बाळाला पहिल्यांदा जुनेच कापड घालायची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. रीत शहाणपणाची आहे. शंभर वेळा धुतलेल्या सुती धोतरात खळ उरलेली नसते, सूत मऊ पडलेले असते, घाम शोषला जातो. मात्र जुने म्हणजे कुजके नव्हे. कापड उन्हाकडे धरून बघा. जिथे जाळी दिसते, तो भाग बाजूला काढा. दोन्ही हातांनी हलके ताणून बघा. चर्रकन फाटले तर ते लंगोटाच्या आतल्या घडीला वापरा, अंगड्याला नको. मऊपणा हाताने ओळखू येत नाही, कारण आपले हात खुरप्याने राठ झालेले असतात. कापड ओठांवरून किंवा डोळ्याच्या पापणीवरून फिरवा. तिथे खुपले नाही तर बाळालाही खुपणार नाही.

नवे घ्यायचे तर मलमल किंवा पातळ मांजरपाट घ्यावे. ते रात्रभर पाण्यात भिजत घालून, खळ काढून, धुऊन, वाळवून मगच कापावे. नाही तर पहिल्या धुण्याला अंगडे आटते आणि सगळी मापे वाया जातात. जुने असो की नवे, शिवण्याआधी एकदा कढत पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. घरात कुणाला खरूज असेल, तर त्याच्या अंगावरचे कापड बाळासाठी घेऊच नका.

माप आणि कापणी

हे अंगडे जन्मल्यापासून साधारण चार महिने पुरते. बाही वेगळी जोडायची नाही, म्हणून शिवण कमी आणि टोचणेही कमी. मापे सेंटीमीटरमध्ये देते. इंचाची टेप असेल तर अडीच सेंटीमीटरचा एक इंच धरा.

६६ लांब आणि ५२ रुंद असा तुकडा घ्या. लांबीत मधोमध घडी घाला. ही वरची घडी म्हणजे खांदा. आता तुकडा ३३ बाय ५२ झाला. रुंदीत पुन्हा एक घडी घाला, ३३ बाय २६ झाला. डावीकडे घडीची बाजू राहू द्या. तीच अंगड्याची मधली रेघ.

वरच्या कडेवर मधल्या रेघेपासून ४ वर खूण करा. ही गळ्याची रुंदी. गळ्याची खोली मागे दीड, पुढे ४. आधी चारही पदर दीडच्या खोलीने गोल कापा, मग घडी उलगडून फक्त पुढचा भाग ४ पर्यंत खोल करा. दोन्हीकडे सारखाच खोल कापला तर अंगडे पाठीकडे घसरते आणि पुढून गळ्याला काचते.

बाहीसाठी उजव्या कडेला वरून खाली ११ मोजा. खालच्या कडेला मधल्या रेघेपासून १५ वर खूण करा, काखेखाली १४ वर. बाहीची रेघ आणि बगलेची रेघ जिथे भेटतात, तिथे टोकदार कोपरा न काढता वाटीच्या काठासारखी गोलाई द्या. कोपरा राहिला तर हात वर केला की शिवण ओढली जाते. आता कापा. शेवटी पुढच्या भागाला गळ्यापासून खालपर्यंत मधोमध सरळ चीर द्या.

पुढून उघडे ठेवायचे कारण साधे आहे. बाळ पाठीवर निजते. मागे बंद असले तर गाठी पाठीत रुततात. आणि डोक्यातून चढवायचे अंगडे असले, की मान न धरणाऱ्या पोराला घालताना नव्या आईचा जीव घाबरतो.

बाही तुम्हाला जरा मोठी वाटेल. ती तशीच हवी. बाळाचा हात बाहीत ढकलायचा नसतो. बाहीच्या तोंडातून आपली बोटे आत घालायची, बाळाची मूठ अलगद धरायची आणि बाही तिच्यावरून ओढून घ्यायची. आपली तीन बोटे सहज शिरतील एवढी बाही ठेवली, की बाळाची बोटे कशात अडकत नाहीत.

शिवण

इथे नेहमीची रीत उलटी करायची. मोठ्या माणसाच्या कपड्यात शिवणीची पट्टी आत दडवतात. लहान बाळाच्या अंगड्यात ती बाहेर काढायची आणि आतून सपाट ठेवायचे.

कापडाच्या चांगल्या बाजू समोरासमोर ठेवून बगलेला आणि बाहीला कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर बारीक धावदोरा किंवा मशीनची टीप घाला. काखेच्या गोलाईत टीप न तुटेल अशा बेताने दोन-तीन लहान काप द्या. लोंबते दोरे कापा. आता अंगडे उलटवून चांगली बाजू बाहेर घ्या, शिवण बोटांनी दाबून सपाट करा आणि पाऊण सेंटीमीटरवर बाहेरून दुसरी शिवण घाला. कापडाच्या कडा या दोन शिवणींमध्ये कोंडल्या जातात. दशा निघायला वाटच राहत नाही, आणि उंचवटा बाहेर राहतो.

गळा, बाही, पुढच्या कडा आणि घेर यांची दुमडही बाहेरच्या अंगाला घ्यावी. दोनदा दुमडून कच्ची कड आत जाऊ द्यावी आणि रंगीत दोऱ्याने बारीक टाके घालावेत. तीच नक्षी होते, लेस लागत नाही. कुणी हसून विचारले, "उलटं शिवलंस की काय गं?" तर सांगा, "बाळाच्या बाजूनं सुलट हाय."

दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा दोरा तुटत नाही हे खरे, पण बाळाच्या बोटाला गुंडाळला तर तिथेही तो तुटत नाही. शिवण सुरू करताना दोऱ्याला मोठी गाठ मारू नका. त्याच जागी दोन-तीन टाके मागे-पुढे घाला. गाठ मारलीच तर ती दुमडीच्या आत लपवा.

बटणे, हुक, मणी, टिकल्या यांतले काहीही लावू नका. पोर चार-पाच महिन्यांचे झाले की हाती लागेल ते तोंडात घालते, आणि बटण घशात अडकायला क्षण पुरतो. कापडाचेच बंद करा, प्रत्येकी १२ सेंटीमीटरचे, दोन जोड्या. पहिली जोडी गळ्याशी न लावता चार-पाच बोटे खाली छातीवर लावा. बंद बुडाशी चौकोनी शिवून पक्के करा. अंगडे ढगळ असल्याने पुढच्या दोन्ही कडा एकमेकींवर येतात.

टाचण्यांचे एक पथ्य पाळा. लावताना मोजा, काढताना मोजा. आठ लावल्या तर आठच डबीत परत जायला हव्यात. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत अंगडे घडी घालून ठेवू नका.

लंगोट, टोपडे, कुंची

लंगोटाला ६० सेंटीमीटरचा चौकोन तिरपा दुमडून त्रिकोण करावा आणि रुंद बाजूच्या दोन टोकांना बंद लावावेत. सेफ्टी पिन नको. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधावा, म्हणजे नाळ कोरडी राहते. अंगडी सहा पुरतात, पण लंगोट दोन डझन करा. पावसाळ्यातले बाळंतपण असेल तर आणखी सहा. लंगोट दोनदा नितळ पाण्यात खळबळून घ्यावेत. साबण राहून गेला तर मांड्या लाल होतात.

टोपड्याचे काम थंडीत मोठे आहे. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि तिथून ऊब पटकन जाते. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो. टोपडे ३८ चे करावे, दोन बोटे आत शिरली पाहिजेत. मात्र बाळ निजल्यावर हनुवटीखाली बंद बांधून ठेवू नये. मानेला घाम दिसला की टोपडे आणि वरचे दुपटे काढावे. तळवे गार लागतात म्हणून आपण पांघरुणे वाढवत जातो. हात छातीवर किंवा मानेमागे लावून बघावा, खरे तिथे कळते.

खणाची कुंची बारशाला हवीच. तिला आतून जुन्या मऊ लुगड्याचे अस्तर लावा, म्हणजे जरीचा काठ आणि खणाची उलटी बाजू गालाला घासत नाही. कार्यक्रम झाला, की कुंची काढून ठेवावी. कुंचीत गुंडाळून निजवू नये.

आणि मुठींच्या पिशव्या? त्या मी नंतर कधीच शिवल्या नाहीत. बाळ झोपले असताना त्याची नखे कापावीत. हात उघडे राहिले की ते बोटे चोखते, चाचपते आणि शिकते.

घरात आणि शेतात सांभाळायचे

हौसेने शिवलेले कपडे ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवू नका. काही बाळांचे रक्त जन्मतःच असे असते, की त्या गोळ्यांच्या वासानेही तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. कोणते बाळ तसे आहे, हे वरून ओळखता येत नाही. सुकवलेला कडुनिंबाचा पाला कापडात बांधून ठेवावा, आणि कपडे घालण्याआधी पुन्हा धुऊन उन्हात वाळवावेत.

कपाशीवर, भाजीवर औषध फवारून आलेल्या माणसाचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजवू नका. ते वेगळे धुवा, वेगळ्या दोरीवर वाळत घाला. फवारून आलेल्या बापाला लेकराला घ्यायची कितीही ओढ असली, तरी आधी आंघोळ, धुतलेले कपडे आणि मग लेकरू. औषध गाळलेले फडके कितीही धुतले तरी त्याचा लंगोट करू नये.

पोर चालायला लागले की चुलीची भीती येते. नायलॉनचा झुळझुळीत फ्रॉक पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. पण सुती म्हणजे निर्धास्त, असेही नाही. सुती कापडही झपकन पेट घेते. म्हणून वर्षा-दोन वर्षांच्या पोरीला लोंबता घेर आणि लोंबती ओढणी घालू नका, पोटऱ्यांच्या वरच राहील असा बेताचा फ्रॉक शिवा. चुलीपुढे आडवे काहीतरी ठेवा. भाजलेच तर हळद, शाई, टूथपेस्ट यांतले काही न लावता भाजल्या जागी वीस मिनिटे साधे पाणी सोडत राहा आणि दवाखाना गाठा.

घालण्याआधी

अंगडे, मोजे, टोपडे, लंगोट, काहीही असो. घरी शिवलेले असो की बाजारातले. बाळाला घालण्याआधी ते उलटे करा, डोळे मिटा आणि आतून बोट फिरवा. दशा लागली की कापा. बाळंतिणीचे केस दोन-तीन महिन्यांनी फार गळतात. मोज्यात, लंगोटात एखादा केस अडकून राहतो आणि तोही दोऱ्यासारखाच करकचतो. तोही काढा.

आणि पोर कशानेच शांत होत नसेल, तर शेक द्या, पण त्याआधी त्याच्या अंगावरचे सगळे काढून उजेडात बघा. हाताची दहा बोटे, पायाची दहा बोटे, मुलगा असेल तर त्याची शूची जागासुद्धा. कुठे केस किंवा धागा रुतलेला दिसला आणि सहज निघाला नाही, तर ओढत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. त्या रात्री आम्ही ओवा शोधला, मिरच्या शोधल्या. पोरीची मूठ उघडायला काही लागत नव्हते, तेवढेच केले नाही.

तिच्या त्या बोटावर आजही एक बारीक पांढरी रेघ आहे. अंगठी त्याच बोटात घालते, म्हणून दिसत नाही. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला तिच्याकडे आली, तेव्हा मी हौसेने सहा अंगडी शिवून नेली होती. रंगीत टाके, खाली बारीक नक्षी. तिने पहिले अंगडे हातात घेतले आणि नक्षी न बघता आधी उलटे केले. आतून सावकाश बोट फिरवले. मग दुसरे, मग तिसरे. सहाही झाली, तेव्हा हसून म्हणाली, "आई, पास झालीस."